सूडाचा नायक आणि गिरणगावचा प्रेक्षक

हिंदी चित्रपटातील एकट्या सूडवीराची गोष्ट आता कोणास सांगावी लागत नाही. वस्तीत एक अनोळखी इसम येतो. त्याचे गाव कोणते, धंदा कोणता, हे कोणास ठाऊक नसते. वस्तीवर सावकाराचा, ठेकेदाराचा, दादाचा किंवा पुढाऱ्याचा जुलूम चाललेला असतो आणि लोक तो मुकाट्याने सोशीत असतात. काही रिळे संपेपर्यंत हा इसमही सोसतो. मग त्याचे मस्तक फिरते आणि उरलेल्या वेळात जुलमाचा निकाल लागतो. वस्तीने करावयाचे काम एवढेच, की मारामारी चालू असता भिंतीशी अंग चोरून उभे राहावयाचे आणि शेवटी डोळे पुसावयाचे. थोड्या भांडवलात, दोन-तीन जागांवर, चार फायटर आणि एक जुनी मोटार यांच्या बळावर असे चित्रपट वर्षानुवर्षे निघत राहिले. लालबाग, परळ, दादरच्या चित्रपटगृहांत ते पाहिले गेले आणि आजही या ना त्या रूपाने पाहिले जातात.

या चित्रपटांची निंदा करणारे थोडे नाहीत. दादर-गिरगावच्या सुशिक्षित मंडळींनी पिटातल्या प्रेक्षकाला नाके मुरडण्यात अनेक वर्षे घालविली. अभिरुची, संयम, कलामूल्य असे शब्द त्यासाठी तयारच होते. तो आक्षेप येथे घ्यावयाचा नाही. आठ तास सांच्यावर उभा राहून आलेल्या माणसाने तीन तास कोणते चित्र पाहावे, हे ठरविण्याचा अधिकार ज्याने सांचा कधी पाहिला नाही त्याला कोणी दिला? शिवाय या चित्रपटांत जो जुलूम दाखविला जातो तो खोटा नसतो. हप्ता खरा असतो, सावकारी खरी असते, कोर्टात गरिबाला मिळणारी तारीख तर अगदीच खरी. शिट्टी वाजविणारा प्रेक्षक मूर्ख नसतो. त्याने आपला शत्रू बरोबर ओळखलेला असतो. तक्रार आहे ती शत्रूच्या चित्रणाविषयी मुळीच नाही, वस्तीच्या चित्रणाविषयी आहे. एका माणसाला मोठे दाखविण्यासाठी हा चित्रपट सगळ्या गल्लीला भेकड ठरवितो, आणि ज्या गल्लीला तो भेकड ठरवितो तिचा इतिहास नेमका उलटा आहे.

गंमत अशी की, या जातीच्या चित्रपटाचा एक मूळ पाळणा परळमध्येच हलला. वाडिया मूव्हीटोनचा स्टुडिओ परळच्या लवजी कॅसलमध्ये होता. पुढे त्याच जागी व्ही. शांतारामांचे राजकमल उभे राहिले. १९३५ साली वाडिया बंधूंनी ‘हंटरवाली’ काढला. तोंडावर मुखवटा, हातात चाबूक, घोड्यावर स्वार झालेली राजकन्या दुष्ट प्रधानाच्या तावडीतून रयतेला सोडविते, अशी ती कथा. नादियाच्या त्या चाबकावर गिरणगावातले लोक लुब्ध झाले यात नवल नाही. गोरी कातडी असली तरी ती जुलूम करणाऱ्याला मारीत होती, आणि तेही बाई असून. जे. बी. एच. वाडिया हे पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचाराकडे वळलेले गृहस्थ. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण पडद्यावरची रयत स्वतः काय करीत होती? स्टुडिओच्या भिंतीबाहेरच्या रयतेने त्याच्या सातच वर्षे आधी, १९२८ मध्ये, सुमारे दीड लाख माणसांनिशी सहा महिने गिरण्या बंद ठेवल्या होत्या. त्या संपात मुखवटा घातलेला कोणी नव्हता. सर्वांची नावे हजेरीपटावर होती आणि म्हणूनच सर्वांना धोका होता.

पुढील काळात घोडा गेला, मोटार आली, राज्य गेले, शहर आले. परदेशांतही हेच चालू होते. कुरोसावाने १९६१ साली ‘योजिम्बो’त दोन टोळ्यांच्या गावात एक अनोळखी तलवारबहाद्दर आणला, इटलीच्या सर्जिओ लिओनीने १९६४ मध्ये त्यालाच पिस्तूल दिले. तेथून तो अनोळखी सर्व जगभर हिंडला. मुंबईत येताना मात्र त्याला एक नवी गरज पडली. येथे संघटित कामगार होता. त्याचे काय करावयाचे?

‘दीवार’ (१९७५) हा काही स्वस्त चित्रपट नव्हे. पण पुढच्या शेकडो स्वस्त चित्रपटांना साचा त्याने पुरविला, म्हणून त्याच्याकडे बारकाईने पाहावे लागते. चित्रपटाच्या आरंभी खाणकामगारांचा एक पुढारी आहे. मालक त्याच्या बायकामुलांना पकडून त्याच्याकडून शरणागतीच्या कागदावर सही घेतो. कामगार त्याला फितूर म्हणतात, तो परागंदा होतो, आणि बापाला चोर ठरविणारे शब्द मुलाच्या हातावर गोंदले जातात. ते गोंदणारा मालक नसतो हे लक्षात घ्यावे. ते संतापलेल्या कामगारांचे काम. संघटित चळवळीला पहिल्याच काही रिळांत अशी मूठमाती दिली की मोठा झालेला मुलगा एकटा वावरावयास मोकळा होतो. तो गोदीत हमाल होतो. तेथे हप्ता घेणारे आहेत. हप्ता नाकारणारा एक हमाल मरतो. मग नायक एकटाच गुंडांच्या गोदामात शिरतो, आतून दार लावतो आणि सर्वांना लोळवितो. तो प्रसंग पाहताना थिएटरे दणाणून जात, आणि का जाऊ नयेत? पण त्यानंतर काय होते तेही पाहावे. दुसऱ्या दिवशी गोदीत सभा होत नाही. नायक गोदीच सोडतो आणि एका स्मगलरच्या पदरी नोकरीला लागतो. मागे राहिलेल्या हमालांचे पुढे काय झाले हे चित्रपट सांगत नाही. त्याला त्याचे कुतूहलही नाही.

मुंबईच्या गोदीत ते प्रत्यक्षात काय झाले हे सांगता येते. तेथील मजूर रोज पहाटे मुकादमापुढे उभा राही. मुकादमाची मर्जी असेल तर काम, नसेल तर उपास. ही मर्जी फुकट मिळत नसे. ही रीत कोणा एका बलदंडाने दार लावून मोडली नाही. गोदी कामगारांच्या युनियनने, पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या मागे उभे राहून, संप आणि तुरुंगवास सोसून ती मोडीत काढली. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगारनियमनाचा कायदा झाला. त्याखाली पुढे मुंबईत डॉक लेबर बोर्ड आले, कामगारांची नोंदणी झाली, काम नसलेल्या दिवसाचाही काही पैसा मिळू लागला. नोंदवही, हजेरी आणि सही या गोष्टी पडद्यावर काय शोभणार? पण हप्त्याचा कणा मोडतो तो त्यांनीच. डिमेलो १९५८ साली वारले. त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडले. मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणविणाऱ्याला गोदीच्या आणि नगरपालिकेच्या कामगारांनी मतपत्रिकेने खाली ओढले, हा प्रसंग एखाद्या चित्रपटाला पुरेसा नाही काय? तो कोणी काढला नाही.

सूडपटाचे दुसरे गृहीतक, कायदा आंधळा असल्याचे. गिरणी कामगाराला ते पटवून द्यावे लागत नव्हते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच युनियनला प्रातिनिधिक म्हणून मान्यता दिली, आणि कापडधंद्यात ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिली. लाखो कामगार ज्या संघाला मानीत नव्हते, त्याच्याच सहीने त्यांचे करार होत. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांवर पट्टी होती. पण ती विशिष्ट साली, विशिष्ट लोकांनी, विशिष्ट हितासाठी बांधलेली होती. कायद्याने गांजलेला माणूस पडद्यावर न्यायालयाच्या पायऱ्यांवर उभा राहून आभाळाकडे पाहतो. कलम कोणते, ते कोणी लिहिले, ते बदलण्यासाठी काय करावे लागेल, हा विषयच निघत नाही. अन्याय हा पावसासारखा पडतो आणि त्यावर छत्री म्हणून नायक येतो.

१९८२ च्या जानेवारीतील दोन तारखा शेजारी शेजारी ठेवण्याजोग्या आहेत. ११ जानेवारीला वडाळ्याला पोलिसांनी मन्या सुर्वे याला गोळ्या घालून ठार केले. बरोबर एका आठवड्याने, १८ जानेवारीला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे आजतागायत मागे घेतला गेलेला नाही. पहिल्या तारखेवर २०१३ साली भरपूर भांडवलाचा, प्रसिद्ध नटांचा चित्रपट निघाला. दुसऱ्या तारखेच्या वाट्याला जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक आणि त्यावरून महेश मांजरेकरांनी २०१० मध्ये काढलेला ‘लालबाग परळ’ एवढेच ठळकपणे आले; आणि त्या चित्रपटातही प्रेक्षकाच्या ध्यानात राहिली ती घरातल्या धाकट्याच्या हातातली बंदूक. अडीच लाखांपेक्षा एक मन्या पडद्याला जवळचा वाटतो. त्याच वर्षी १८ ऑगस्टला मुंबईच्या पोलीस शिपायांनीही आपली संघटना मोडल्याविरुद्ध उठाव केला, संपकरी कामगार त्यांच्या बाजूने रस्त्यावर आले आणि सरकारला लष्कर बोलवावे लागले. एकट्या प्रामाणिक इन्स्पेक्टरवर ‘जंजीर’पासून किती चित्रपट निघाले त्याची गणती नाही. नायगाव-वरळीच्या चाळवजा खोल्यांत राहणारे, संघटना मागणारे हजारो शिपाई मात्र कथेच्या कामाचे ठरले नाहीत.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हणावी लागेल. सूडवीराचे वेड संपकऱ्यांच्या राजकारणातही शिरले होते. दत्ता सामंत यांच्या धडाडीविषयी वाद नाही, आणि ज्या कामगारांना कायद्याने कोंडले होते त्यांनी आपणहून त्यांच्या दारात जाऊन नेतृत्व मागितले यातही काही गैर नव्हते. पण डॉक्टर येतील आणि मालकांना लोळवितील, ही भाषा चाळीचाळींत बोलली जाऊ लागली तेव्हा गिरणीनिहाय समित्यांचे महत्त्व मागे पडले. तरीही संप जितका टिकला तितका डॉक्टरांच्या एकट्याच्या बळावर टिकला नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरच्या गावांनी आपली माणसे परत घरात घेतली, त्यांना आपल्या भाकरीतली भाकरी दिली, तालुक्याच्या ठिकाणी सभा भरविल्या. मुंबईतल्या गाळ्यांत जे राहिले त्यांना खाणावळवालीने उधारीवर जेवू घातले.

खाणावळवालीचा उल्लेख मुद्दाम. सूडपटात बाईला काम एकच असते: तिच्यावर अत्याचार व्हावा, म्हणजे नायकाला निमित्त मिळावे. ती मेली की कथा धावू लागते. गिरणगावातल्या खाणावळवाल्या सावकाराच्या व्याजाखाली दबलेल्या होत्या. जेवणाऱ्याचा पगार महिन्याने होणार आणि धान्य आजच भरावयाचे, ही त्यांची अडचण. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि एकमेकींच्या जामिनावर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्यासाठी सावकाराच्या घरावर कोणी चालून गेले नाही. त्याचे गिऱ्हाईकच त्याच्याकडे यावयाचे थांबले. त्याच्या तीन वर्षे आधी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. पडद्यावर बाईच्या हाती लाटणे दिसते ते नवऱ्याला धाक दाखविण्याच्या विनोदी प्रसंगात.

या सगळ्या चित्रपटांत एक मात्र बाजूला काढून पाहण्याजोगा आहे. एन. चंद्रा यांचा ‘अंकुश’ १९८६ साली आला तेव्हा संपाची राख निवलेली नव्हती. अगदी थोड्या पैशांत, रस्त्यावर, गल्लीत चित्रित केलेला हा चित्रपट नाक्यावर बसलेल्या चार बेकार तरुणांचा. नाना पाटेकर तेव्हा मोठे नट झालेले नव्हते. त्या चौघांची चाल, त्यांची चेष्टा, घरी जेवावयास जाण्याची लाज, हे सारे इतके खरे होते की गिरणगावाने आपलीच पोरे पाहिली. पहिला अर्धा भाग मराठी नवसाहित्याला जमले नाही ते करून जातो. मग मुलीवर अत्याचार होतो, कोर्टात आरोपी सुटतात, आणि चित्रपट मळलेल्या वाटेला लागतो: चौघे खून करतात आणि फासावर जातात. दिग्दर्शकाने निदान एवढी तरी प्रामाणिकता राखली, की सूडाची किंमत प्राणाने द्यावी लागते हे दाखविले. पण त्या चौघांचे बाप कोणत्या गिरणीत होते, ती का बंद पडली, हा प्रश्न अर्ध्यावर सुटला तो सुटलाच. नंतर आलेल्या नकलांनी पहिला अर्धा भाग टाकून दिला आणि दुसरा तेवढा उचलला. १९९० नंतर मिथुन चक्रवर्तींना घेऊन उटीत झटपट उरकलेल्या स्वस्त सूडपटांचा कारखानाच निघाला. कांती शहांच्या ‘गुंडा’त (१९९८) नायक हमालच आहे, आणि त्याचे हमालपण एखाद्या टोपीसारखे आहे, हाणामारीच्या वेळी काढून ठेवता येते. ज्या फायटरांनी काचेतून उड्या मारून ही चित्रे उभी केली त्यांची नावे प्रेक्षकाला माहीत नसतात. एकट्याच्या पराक्रमाची फिल्म तयार करण्यास शंभर रोजंदारी माणसे लागतात, आणि त्यांनाही आपली मजुरी वसूल करण्यासाठी संघटनाच करावी लागली.

कोणी म्हणेल, चित्रपट पाहून कोणी बंदूक उचलीत नाही. एवढा गहजब कशाला? चित्रपटाने बंदूक दिली असे कोणीच म्हणत नाही. बंदूक देणारे दुसरे होते. प्रश्न असा, की गिरणगावात ती बंदूक कोणाच्या कामी आली? ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. १६ जानेवारी १९९७ रोजी दत्ता सामंत यांना पवईत भाडोत्री मारेकऱ्यांनी गोळ्या घातल्या. मधल्या काळात, ७ मे १९९४ रोजी, खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांची महालक्ष्मीला भर रस्त्यात हत्या झाली. सूडपटाच्या तर्काने पाहिले तर या तिसऱ्या खुनानंतर पडदा पडून कामगाराचे भले व्हावयास हवे होते. मालक मेला! पण त्या गोळ्यांनी एकही माग पुन्हा सुरू झाला नाही. गोळ्या झाडणाऱ्यांचे भांडण जमिनीशी निगडित होते, अशीच चर्चा सर्वत्र झाली, आणि जमीन पुढे ज्यांना मिळावयाची त्यांनाच मिळाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करून एक महापालिकेला, एक म्हाडाला देण्याची तरतूद होती. २००१ साली ती तरतूद केवळ मोकळ्या जमिनीपुरती आकसून टाकण्यात आली, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. एवढी मोठी लूट झाली, आणि तीत मिशा पिळणारा खलनायक कोठेच नव्हता. एका नियमातील काही शब्द बदलले गेले, एवढेच. सूडवीराने आपले पिस्तूल कोणावर रोखावयाचे होते?

गिरणगावची जी पोरे टोळ्यांत गेली ती बेकारीने गेली, हे खरे. पण टोळीत गेल्यावर आपण लाचार नोकर न होता वस्तीचे तारणहार झालो, हे समाधान त्यांना आयते मिळाले होते. ते तीस फुटी पडद्याने पुरविले होते. ज्यांच्यासाठी ती पोरे मेली त्यांची नावे इमारतींच्या फलकांवर आली.

दुसरा रस्ता होता, आणि तो कंटाळवाणा होता. मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली बंद गिरणी कामगार संघर्ष समिती काढली आणि त्याच वर्षी गांधी जयंतीला उपोषण आरंभिले. पुढची वीस-पंचवीस वर्षे अर्ज, मोर्चे, याद्या, दाखले, पुन्हा अर्ज. २०१२ साली म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची सोडत काढली. इस्वलकर २०२१ साली वारले. तोवर अर्जदारांपैकी बहुसंख्यांना घर मिळालेले नव्हते आणि कित्येक वारसांच्या यादीत गेले होते. हे यश अपुरे आहे. परंतु गिरणगावच्या मातीत कामगाराच्या नावाने जी काही खोली उभी राहिली ती या याद्यांतून राहिली.

आता हा स्वस्त साचा स्वस्त राहिलेला नाही. फिनिक्स मिलच्या आवारात, जेथे कधी भोंगा होत असे, तेथे गालिचे पसरलेली चित्रपटगृहे आहेत, आणि तेथे ‘केजीएफ’सारखे (२०१८) अवाढव्य खर्चाचे सूडपट लागले. त्याचा नायक मुंबईच्या रस्त्यावर वाढतो आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीत अनोळखी म्हणून शिरतो. तेथे हजारो गुलाम मान खाली घालून राबत आहेत. तो जुलमी धन्याला मारतो, आणि पुढच्या भागात स्वतः खाणीचा धनी होतो! गुलाम त्याचा जयजयकार करतात व पुन्हा खाणीत उतरतात. असत्य इतक्या उघडपणे क्वचितच सांगितले गेले असेल. खऱ्या कोलारच्या खाणकामगारांनी १९३० मध्येच, बोटांचे ठसे घेण्याच्या सक्तीविरुद्ध, संप करून दाखविला होता, आणि २००१ साली ती खाण बंद झाल्यावर आपल्या देण्यांसाठी तेच लढत राहिले.

राज्यकर्त्यांना हा नायक कधीच खुपला नाही. आणीबाणीत ‘किस्सा कुर्सी का’ या चित्रपटाच्या प्रती जाळल्या गेल्या. ‘शोले’च्या बाबतीत सेन्सॉरने शेवट तेवढा बदलून घेतला, म्हणजे ठाकूरने सूड पुरा करण्याआधी पोलीस पोहोचले, आणि चित्रपट ग्रँट रोडच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला. त्यातील रामगढच्या गावकऱ्यांनी आपल्या रक्षणासाठी स्वतः काही करावे, असे सेन्सॉरला सुचले नाही आणि लेखकांनाही नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने सर्वच उद्योगांतील संपाला आगाऊ नोटिशीच्या अटीत बांधले. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. त्याचा सारा रोख ‘बेकायदेशीर संघटना’ या शब्दांवर आहे, आणि संघटना बेकायदेशीर ठरविण्याचा अधिकार सरकारकडे. त्या विधेयकाला हजारो लेखी हरकती गेल्या होत्या. कामगार संघटना आणि डावे पक्ष यांनी त्याविरुद्ध सभा घेतल्या. सरकार घाबरते कोणाला, याची यादी त्या विधेयकाच्या व्याख्यांत वाचता येते. मुखवटा घातलेला, नाव नसलेला, कोणाचाही सभासद नसलेला इसम तीत नाही.